शेवटची गाडी वर येईपर्यंत: सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर गटानं जाणाऱ्या नवख्यांसाठी

नवी फोर बाय फोर दारात उभी राहिली की पहिला फोन येतो तो टायरबद्दल. कोणते घालू, विंच (गाडी ओढून काढायचं दोराचं यंत्र) लावू का, सस्पेन्शन उचलून घेऊ का? माझं उत्तर ठरलेलं आहे: पहिले चार-पाच ट्रेल कंपनीतून आली तशीच गाडी घेऊन करा. मावळ, मुळशी, वेल्हे, भोर या भागातल्या सोप्या वाटांना थार, जिम्नी किंवा जुनी जिप्सी आहे त्या अवस्थेत पुरते. कमी पडतो तो आपला अंदाज, आणि गटातली शिस्त. इतक्या वर्षांत गाडी चालवताना जखमी झालेली माणसं मी फार थोडी पाहिली. लागलं ते बहुतेक दुसऱ्याची रुतलेली गाडी ओढून काढताना. म्हणून या लेखात तो भाग सगळ्यात मोठा आहे. घाईत असाल तर निदान तेवढा वाचा.

एक नियम मात्र आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तुमच्या मागची गाडी ही तुमची जबाबदारी. पुढच्याला गाठायचं नाही, मागच्याला सोडायचं नाही. शेवटची गाडी वर आल्याशिवाय चढ कुणीच चढलेलं नसतं.

पहिला ट्रेल कधी करायचा

जुलैत करू नका. धुकं, धबधबे, हिरवे डोंगर यांचा मोह मला कळतो, पण ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर एका पावसाळ्यात ६,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. लाल माती त्यात लोण्यासारखी होते आणि कातळावर शेवाळ धरतं. शेतकऱ्यांकडे यासाठी नेमका शब्द आहे: वाफसा. जादा पाणी निचरून जमीन पाय टाकण्याजोगी झाली की वाफसा आला म्हणतात. वाटेलाही वाफसा येऊ द्या. दिवाळीच्या आसपास पहिला ट्रेल करा, गाडी काय करते ते कोरड्यात शिका, चिखल पुढच्या वर्षी. आणि कोरड्यातही एकटं जायचं नाही. दोन गाड्या हा किमान आकडा. नवख्यांसाठी पाच-सहा उत्तम. बाराच्या वर गेलं की निम्मा दिवस वाट बघण्यात जातो आणि कंटाळलेली माणसं चुका करतात.

घरी, आदल्या आठवड्यात

गाडीखाली वाका आणि बघा. डिफरन्शियलचा गोळा (चाकांच्या आसावरचा गिअरचा डबा) कुठे आहे, एक्झॉस्ट कुठून जातो, सगळ्यात खाली काय लोंबतं. जिम्नीचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर, थारचा २२६, पण हे आकडे सगळ्यात खालच्या एका ठिकाणाचे असतात आणि दगड नेमका तिथेच भेटतो. म्हणून वाटेत मोठा दगड आला की तो दोन चाकांच्या मधून जाऊ द्यायची डांबरी रस्त्यावरची सवय सोडा. चाक दगडावर घाला. चाक चढलं की गोळाही उचलला जातो.

मग गाडी ओढायचे पॉइंट शोधा, पुढचे आणि मागचे. मॅन्युअलमध्ये बघा, हातानं चाचपून बघा. चॅसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बोल्टनं पक्के बसवलेले हुक वेगळे आणि ट्रकवर गाडी बांधून नेण्यासाठी दिलेली पातळ कडी वेगळी. बंपरमध्ये स्क्रू करून बसवायचा आकडा रस्त्यावर सरळ टोइंग करण्यापुरता असतो, झटक्यानं ओढण्यासाठी नव्हे. ट्रेलर जोडायचा गोळा तर कधीच वापरायचा नाही. तो तुटून तोफगोळ्यासारखा सुटतो, आणि त्यानं माणसं मेली आहेत. तुमच्या गाडीला मागे नीट पॉइंट नसेल तर पहिला खर्च तिथे करा, टायर नंतर.

एअर फिल्टरची हवा कुठून आत जाते तेही आत्ताच बघून ठेवा. पाण्यात उपयोगी पडेल.

सामान थोडं पण नेमकं न्या: गाडीच्या वजनाला साजेसा नायलॉनचा कायनेटिक, म्हणजे ताणला जाणारा, पट्टा किंवा दोर, दोन सॉफ्ट शॅकल (पट्टा गाडीला जोडायच्या दोराच्या कड्या), चामडी हातमोजे, फावडं, टायरमध्ये हवा भरायचा पंप आणि प्रेशर गेज, पंक्चरचं सामान, जॅक आणि त्याखाली घालायला जाड फळी, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, माणशी चार लिटर पाणी, टॉर्च, एक दिवसाचं जास्तीचं खाणं. पट्ट्याची तुटण्याची क्षमता गाडीच्या वजनाच्या दोन ते तीन पट असावी. पावणेदोन टनांच्या आसपासच्या थारला पाच टनांचा चालतो. फार जाड घेतला तर तो ताणलाच जात नाही आणि त्याचा उपयोगच संपतो. हे सगळं सामान गाडीत बांधून ठेवा. गाडी कलंडली तर सुटा जॅक डोक्यात बसतो. टपावर जड काही ठेवू नका.

सकाळची बैठक

डांबर सोडायच्या आधी सगळ्यांनी खाली उतरून गोल करून उभं राहायचं. दहा मिनिटं लागतात. लीड कोण, स्वीप कोण, वाट कुठून कुठे, परत फिरायची वेळ किती, जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे, कुणाला दम्याचा-मधुमेहाचा त्रास आहे, औषध कुठे ठेवलंय. लीड म्हणजे सगळ्यात पुढची गाडी, तिच्या चालकाला वाट माहीत असावी. स्वीप म्हणजे शेवटची गाडी, आणि ती गटातल्या सगळ्यात मुरलेल्या चालकाची असावी, कारण अडचण सगळी मागे साचते. एक मुरलेला चालक पुढे आणि दुसरा मागे असं न करता सगळे अनुभवी पुढे पळतात, आणि नवखे मागे एकमेकांना चुकीचं शिकवत बसतात. नवख्यांना मध्ये ठेवा, प्रत्येक नवख्याच्या मागे एक जुना.

परत फिरायची वेळ ठरवली की ती पाळा. दुपारी तीन म्हटलं तर तीन. डोंगराच्या सावलीत अंधार लवकर पडतो आणि अंधारात गाडी काढणं दुप्पट धोक्याचं.

दऱ्यांमध्ये मोबाइलला रेंज नसते. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या. वॉकीटॉकी असतील तर उत्तम. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी शक्तीचे संच परवान्याशिवाय वापरता येतात. बाजारात स्वस्त मिळणारे, कुठल्याही पट्ट्यावर बोलणारे संच घेऊ नका. संच नसतील तर हॉर्नचे इशारे ठरवा: एक म्हणजे थांबलो, तीन म्हणजे मदत हवी.

फाट्याचा नियमही इथेच सांगून टाका. वाट फुटली की वळणाऱ्या प्रत्येक गाडीनं मागची गाडी दिसेपर्यंत थांबायचं. ती दिसली, तिनं तुम्हाला पाहिलं, मग निघायचं. हा एक नियम पाळला तर गट हरवत नाही.

डांबर संपलं: गिअर आणि हवा

थार, जिम्नी, जिप्सी या गाड्यांमध्ये फोर-हाय (चारही चाकांना ओढ, नेहमीचा वेग) लावलं की पुढचा आणि मागचा आस एकमेकांना कुलूप लावल्यासारखा जोडला जातो. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी. मातीत चाकं थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर घसरत नाहीत, मग ताण गिअरवर येतो. म्हणून फोर-हाय मातीत, आणि डांबरावर परत टू-हाय (दोनच चाकांना ओढ). फोर-लो (चारही चाकांना ओढ, वेग कमी, जोर जास्त) लावताना गाडी पूर्ण उभी करा, न्यूट्रल करा, मग लिव्हर हलवा. नवखे फोर-लो फार उशिरा लावतात, चढावर अडकल्यावर. चढ समोर दिसला की पायथ्याशीच लावा.

टायरची हवा कमी करणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय. रस्त्यावर ३० ते ३३ पीएसआय असतं. दगडधोंड्यांच्या वाटेवर २२-२५, चिखलात १८-२०, मऊ वाळूत १५-१८. हवा कमी झाली की टायर लांबट पसरतो, जास्त जमीन धरतो, दगडाला गुंडाळून घेतो आणि तुमची कंबरही वाचते. पंधराच्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिममधून सुटू शकतो. आणि हवा कमी असताना वेग ४० च्या खाली. पंप नसेल तर हवा सोडू नका, परत येताना डांबरावर तसंच पळवण्याचा मोह होतो.

स्टिअरिंग धरताना अंगठे आत अडकवू नका, बाहेरून वरच्या कडेवर ठेवा. चाक दगडाला आपटलं की स्टिअरिंग झटका देतं आणि अंगठा मोडतो. सीटबेल्ट सगळ्यांनी लावायचा, ताशी पाच किलोमीटरलाही. छत उघडं असलं तरी हात बाहेर नाही.

चढ, उतार, आडवा उतार

तीव्र चढावर एका वेळी एकच गाडी. वरची गाडी वर जाऊन बाजूला उभी राहिल्याचं कळल्याशिवाय पुढच्यानं चाक चढाला लावायचं नाही. आधी पायी चढून बघा, माथ्यापलीकडे काय आहे तेही. चढ सरळ घ्या, तिरका नाही. फोर-लो, दुसरा गिअर, पायथ्यापासून एकसारखा थ्रोटल (अ‍ॅक्सिलरेटर). मध्येच जोर लावून चाकं फिरवली तर माती खणली जाते आणि मागच्या चारही गाड्यांना तो खड्डा मिळतो.

चढता चढता गाडी थांबलीच तर वळवायचा विचारही मनात आणू नका. आडवी झालेली गाडी लोळते. फूटब्रेक दाबून धरा, हँडब्रेक ओढा, श्वास घ्या. इंजिन चालू, रिव्हर्स गिअर, क्लच पूर्ण सोडा, मग हळूहळू ब्रेक सोडून सरळ मागे या, आरशात बघत. न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबून कधीही मागे यायचं नाही. हे मैदानातल्या छोट्या उंचवट्यावर दहा वेळा करून बघा. चढावर तो हात आपोआप चालला पाहिजे.

उतारावर फोर-लो, पहिला गिअर, आणि क्लचवरून पाय काढून घ्या. इंजिन गाडीला धरून ठेवतं. चाकं घसरायला लागली तर ब्रेकवर उभं राहावंसं वाटेल, तेच करू नका. किंचित थ्रोटल द्या, चाकं पुन्हा फिरू लागतील आणि स्टिअरिंग परत मिळेल. आडव्या उतारावर गाडी कलंडतेय असं वाटलं तर स्टिअरिंग उताराच्या बाजूला वळवा. मन उलट सांगतं, तरीही.

चाकोरीबद्दल एक सांगायचं राहिलं. ट्रॅक्टरनं पाडलेली खोल चाकोरी आपल्या गाडीला फसवते, कारण त्याची चाकं मोठी आणि आपलं पोट खाली. शक्य असेल तिथे एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि एक कडेला घालून जा. चाकोरीत उतरावंच लागलं तर पुढची चाकं कुठे वळलीत ते अधूनमधून डोकं बाहेर काढून बघा. आत असताना स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जाते, आणि चाकोरी संपली की एकदम बाजूला उडी मारते.

दिशा दाखवणारा एकच

अवघड जागी खाली उभं राहून चालकाला वाट दाखवणारा माणूस एकच असावा. पाच जण पाच बाजूंनी ओरडायला लागले की चालक कुणाचंच ऐकत नाही. फक्त "थांब" हा शब्द कुणीही म्हणू शकतो, आणि तो ऐकला की थांबायचंच.

दाखवणाऱ्यानं गाडीच्या पुढे, पुरेशा अंतरावर, चालकाला दिसेल असं उभं राहायचं. गाडी आणि झाड किंवा कातळ यांच्या मध्ये कधीच नाही, उतारावर गाडीच्या खालच्या बाजूला नाही. चालताना पाठ करून चालायचं नाही, आणि उलटं चालताना पाय कुठे पडतोय ते बघायला थांबायचं. उजवा-डावा तोंडानं सांगितला की गोंधळ होतो, कुणाचा उजवा? त्यापेक्षा हातानं ज्या बाजूला चाकं वळवायची त्या बाजूला दाखवा. मूठ वर म्हणजे थांब. चालकाला दाखवणारा दिसेनासा झाला की चालकानं आपणहून थांबायचं.

चालकानंही एक लक्षात ठेवावं: वाट नको वाटली तर नाही म्हणायचा हक्क तुमचा आहे. गटानं त्याला बळ दिलं पाहिजे. "अगं कर, काही होत नाही" हे वाक्य मी आमच्या गटात बंद करून घेतलं आहे.

ओढा

उभ्या पाण्यात थार ६५० मिलिमीटरपर्यंत जाते असं कंपनी सांगते. तो आकडा वाहत्या पाण्याला लावू नका. साधारण ३० सेंटिमीटर वाहतं पाणी छोटी मोटार उचलू लागतं, ६० सेंटिमीटर बहुतेक गाड्या वाहून नेतं. सोपी कसोटी: काठी टेकत जे पाणी तुम्ही पायी ओलांडू शकत नाही, त्यात गाडी घालायची नाही. पायी जाताना पाणी गुडघ्याच्या वर आणि जोराचं लागलं तर तिथूनच मागे फिरा. सह्याद्रीतले ओढे घाटमाथ्यावरच्या पावसावर फुगतात. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि पाणी गढूळ होऊन काड्या-पानं वाहून आणायला लागतं. ते दिसलं की निघा, आणि काठावर तंबू-चूल मांडू नका. पलीकडे जाऊन परत त्याच ओढ्यातून यायचं असेल तर दुप्पट विचार करा.

पाणी योग्य असेल तर: एसी बंद, खिडक्या खाली, फोर-लो, पहिला किंवा दुसरा गिअर, हळू शिरा आणि एकसारखा वेग ठेवा, म्हणजे पुढे एक छोटी लाट तयार होते आणि तिच्यामागे इंजिनापाशी पाणी कमी राहतं. मध्ये गिअर बदलू नका. एक गाडी पलीकडे गेल्यावरच दुसरी. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग इंजिन उतरवावं लागतं. बाहेर ओढून काढा, फिल्टर ओला आहे का बघा, ओला असेल तर मेकॅनिकशिवाय चालू करू नका.

गाडी रुतली

सगळ्यात आधी काहीच करू नका. थ्रोटल सोडा. चाकं फिरवत राहिलात तर गाडी पोटावर बसते आणि पाच मिनिटांचं काम तासाचं होतं. खाली उतरा, कुठे अडकलीय ते बघा: चाक, गोळा की पोट?

मग फावडं. चारही चाकांच्या पुढची माती काढा, गोळ्याखालची काढा, हवा आणखी थोडी सोडा. निम्म्या गाड्या एवढ्यावरच निघतात. लोकांना खणायचा कंटाळा येतो आणि ते दोराकडे धावतात, पण जेवढं खणाल तेवढा दोरावरचा ताण कमी. चाकाखाली दगड घालायचे असतील तर दगड उचलताना बोटं खाली घालू नका, आधी काठीनं किंवा बुटानं उलटा. लाल विंचू दगडाखालीच असतो. त्याच्या विषावर प्राझोसिनचा उपयोग होतो हे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी दाखवून दिलं आणि कोकणातले कितीतरी जीव वाचले, पण बोट दगडाखाली न घालणं त्याहून सोपं.

माणसांनी ढकलायचं तर चालकानं चाकं फिरवायची नाहीत, हळू थ्रोटल. फिरत्या चाकामागे कुणी उभं राहायचं नाही, खालची फळी किंवा दगड गोळीसारखा मागे उडतो. उतारावर गाडीच्या खालच्या बाजूनं ढकलणं पूर्ण बंद.

दोर लावायची वेळ आली तर क्रम असा.

एक माणूस प्रमुख. तो सांगेल तेच होईल. बाकी सगळे, मुलं आणि फोटो काढणारे धरून, दोराच्या लांबीच्या दीडपट लांब. नऊ मीटरचा पट्टा असेल तर निदान चौदा मीटर, आणि दोराच्या रेषेत नाही, बाजूला. ताणलेल्या दोरावरून पाय टाकून कधीच ओलांडायचं नाही.

पट्टा चॅसिसच्या पक्क्या पॉइंटला. सॉफ्ट शॅकल असेल तर तोच, तो सुटला तरी हलका असतो. लोखंडी शॅकल असेल तर पिन पूर्ण आवळून मग पाव फेरा मागे घ्या, म्हणजे ताणानंतर ती जाम होत नाही. दोन पट्टे जोडायचे असतील तर मध्ये लोखंडी शॅकल घालू नका. एकाचा फास दुसऱ्यातून ओवून घ्या आणि फासात गुंडाळलेलं जाड मासिक घाला, नाहीतर गाठ सुटत नाही. पट्ट्याच्या मध्यावर जाड ओलं पोतं किंवा घोंगडी टाका. काही तुटलं तर ती दोराला खाली दाबते.

यातलं एकही पाऊल मी पुस्तकी म्हणून सांगत नाही. एका पावसाळ्यात आमच्याच गटात रुतलेल्या गाडीच्या पातळ कडीला लोखंडी शॅकल लावला होता. घाई होती, अंधार पडत होता, आणि आम्ही कुणीच वाकून बघितलं नाही. कडी तुटली, शॅकल ओढणाऱ्या गाडीची मागची काच फोडून आत आला आणि डॅशबोर्डमध्ये रुतला. चालकाच्या खांद्यापासून वीतभर अंतर होतं. मागच्या सीटवर बसणारी त्याची मुलगी पाच मिनिटं आधी खाली उतरली होती. तेव्हापासून दोर लावला की दोन माणसं वेगवेगळी जाऊन दोन्ही टोकं हातानं तपासतात, त्याशिवाय आम्ही इंजिन चालू करत नाही.

कायनेटिक पट्टा असेल तर ओढणारी गाडी सरळ रेषेत उभी करा आणि दोन-तीन मीटर ढील सोडा. मग फोर-लो, चालण्याच्या किंवा फार तर हळू धावण्याच्या वेगानं निघा. पट्टा ताणला जाईल आणि रबरासारखा आखडताना गाडीला ओढेल. रुतलेल्या गाडीच्या चालकानंही त्याच वेळी हळू थ्रोटल द्यायचा. दोन-तीन प्रयत्नांत निघाली नाही तर जोर वाढवू नका, परत खणा. शेतातला साधा दोर, साखळी किंवा न ताणणारा टो-पट्टा असेल तर झटका अजिबात नाही. आधी ढील पूर्ण काढा, मग सावकाश ओढा.

विंचचं थोडक्यात. हातमोजे घाला, झाडाला रुंद पट्टा गुंडाळा, तार थेट झाडाला बांधू नका, झाडाची साल कापली जाते. तारेचे निदान पाच वेढे ड्रमवर राहू द्या, सिंथेटिक दोराचे आठ-दहा. रिमोट एकाच माणसाच्या हातात. ओढ कमी पडत असेल तर स्नॅच ब्लॉकमधून (कप्पीतून) दोर परत गाडीवर आणा, ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि वेग निम्मा.

आणि अनेकदा शेवटी ट्रॅक्टरच येतो. त्यात कमीपणा नाही. "दादा, गाडी रुतलीय, जरा ओढून द्याल का?" असं विचारा, डिझेलचे आणि वेळेचे पैसे आधी ठरवा आणि मोकळ्या हातानं द्या, त्यांनी हातातलं काम टाकलेलं असतं. दोर ट्रॅक्टरच्या खालच्या ड्रॉबारलाच बांधा. वर बांधला तर ओढताना ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जातात आणि तो मागे उलटू शकतो. मदतीला आलेल्या माणसाचा जीव आपल्या दोरानं धोक्यात घालायचा नाही.

माणसाला लागलं तर

गाडी उलटली तर धावत जाऊन हात घालू नका. आधी ती अजून घसरतेय का बघा, चाकांना दगड लावा, इग्निशन बंद करा, पेट्रोलचा वास येतो का बघा. आतला माणूस पट्ट्याला उलटा लटकत असेल तर त्यानं एक हात छताला टेकवल्यावरच, दुसऱ्या कुणी आधार देऊन, पट्टा सोडायचा. नुसता सोडला तर मानेवर पडतो. मान-पाठ दुखतेय म्हणाला तर आग किंवा पाण्याचा धोका नसेल तोवर हलवू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानं थेट दाबून धरा.

१०८ वर रुग्णवाहिका, ११२ वर पोलिसांसह सगळी मदत. रेंज नसेल तर दोन माणसं एका गाडीनं रेंजपर्यंत पाठवा, जागेचे अक्षांश-रेखांश कागदावर लिहून. साप चावला तर चिरा देऊ नका, दोरी आवळू नका, तो भाग फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवा आणि सरळ रुग्णालयात न्या. वाटेत दुसऱ्या कुणाचा अपघात दिसला तर थांबायला घाबरू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेलं १३४ ए हे कलम सद्भावनेनं मदत करणाऱ्याला संरक्षण देतं.

गाव, शेत, रान

आपण ज्याला ट्रेल म्हणतो ती कुणाची तरी शेतावर जायची वाट असते. वस्तीतून जाताना पहिल्या गिअरमध्ये, धुरळा न उडवता, गाणी बंद. समोरून गुरं आली तर इंजिन बंद करून उभं राहायचं. बांबूची ताटी बंद असेल तर आपण गेल्यावर परत बंद करा, उघडी असेल तर उघडीच ठेवा. भातखाचराच्या बांधावरून चाक गेलं आणि बांध फुटला तर तिथेच थांबा, फावडं तुमच्याकडे आहेच, बांध भरा आणि मालकाला सांगा. बांध फुटला की खाचरातलं पाणी जातं, आणि लावणीनंतर ते पाणी म्हणजे पीक.

वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय जायचं नाही, अभयारण्यात तर नाहीच. पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागा २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यांत कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी या आपल्या आहेत. पण यादीत नसलेला गावामागचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, तोही तितकाच नाजूक असतो. कातळावर बोटभर माती असते आणि पावसानंतर काही आठवडे त्यावर फुलं येतात. एका चाकोरीनं ती माती निघून गेली की लवकर परत येत नाही. सडा पायी बघायचा. समुद्रकिनाऱ्यावरही गाडी नको. गोव्यात तर त्यासाठी कारवाई होते, आणि भरतीत अडकलेली गाडी बाहेर काढणारा ट्रॅक्टर वेळेवर मिळेलच असं नाही.

विम्याची पॉलिसी एकदा वाचा. ऑफरोड स्पर्धा किंवा कार्यक्रमातलं नुकसान वगळणारी अट असू शकते.

परत डांबरावर

टू-हाय करा. हवा भरा, आणि सगळ्यांची भरून होईपर्यंत सगळे थांबा, पंप नसलेला एक तरी असतोच. ब्रेक हळू दाबत थोडं अंतर जा, ओले ब्रेक वाळतात. वेग वाढल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर बहुधा रिमच्या आत चिखल सुकलाय, आधी तो काढा. एकदा गाडीखाली वाकून तेल गळतंय का, काही लोंबतंय का बघा. खोल पाण्यातून गेला असाल तर आठवड्याभरात डिफरन्शियलचं तेल तपासून घ्या, दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय.

घरी पट्टा साध्या पाण्यानं धुऊन सावलीत पूर्ण वाळवा. चिखलाचे कण आत राहिले तर धागे आतून कापले जातात आणि वरून पट्टा नवा दिसतो. कुठे धागा तुटलेला दिसला तर तो पट्टा सामान बांधायला ठेवा, गाडी ओढायला नाही.

सगळे घरी पोहोचेपर्यंत लीडनं फोन जवळ ठेवायचा. एकेकाचे निरोप येत राहतात, आणि स्वीपचा शेवटी येतो.